भट्टीच्या तोंडातून परतलेल्या गाड्या

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून सगळ्यात जास्त वाहनं कोणाकडे होती असं मला कोणी विचारलं, तर मी बेधडक माझ्या धाकट्या मामाकडे बोट दाखवीन. डबलडेकर बस, घोड्यांची बंबगाडी, मालट्रक, ट्रॅक्टर, रोडरोलर, पोलिसासकट फटफटी, काय नव्हतं त्याच्याकडे! परवाना एकाचाही नव्हता, पेट्रोलचा थेंब कशाला लागत नव्हता आणि हा सगळा ताफा गोठ्यावरच्या माळ्यावर पेंढ्याच्या भाऱ्यांशेजारी आरामात मावत होता. मालक स्वतः सायकलवरून फिरायचा, आणि तीही चुलत्याची उसनी आणलेली.

या श्रीमंतीच्या आधीचे दिवस मला आठवतात. आम्ही शहापूरजवळच्या सापगावचे, मामा मुरबाडकडच्या, सिद्धगडाच्या वाटेवरच्या एका गावातला. दोन्ही घरांचं वर्षाचं गणित एकच होतं. पावसाळ्यात भात लावायचं, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं आणि पुन्हा पावसाची वाट बघायची. भट्टीवर आम्हा पोरांचं खेळणं म्हणजे ताडाच्या सुकलेल्या फळांची दोन चाकं आणि त्यांतून घातलेली काठी. ही गाडी सरळ कधी चालायची नाही, पण त्या वयात सरळ कुठं जायचं होतं? मामाचं सगळं लहानपण असंच गेलं. चौथीनंतर त्यानं शाळा सोडली, म्हणजे शाळेनं त्याला सोडलं, आणि तो विटा वाहू लागला. आमच्या दोन्ही घरांत मिळून कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. पण मी बारा इयत्ता आणि वर कॉलेज करून जे शिकले, त्यातलं बरंचसं मामा एका माळ्यावर बसून शिकला होता, हेही खरं.

नव्वदच्या सुमाराला मुरबाडच्या कारखान्यांच्या वसाहतीत मामाला एका ओतकामाच्या कारखान्यात काम लागलं. तिथं बिडाचं काम चालायचं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. आपले जुने तवे, खलबत्ते, तराजूची वजनं ज्याची असतात ते. मुंबईहून भंगाराचे ट्रक यायचे, ते भट्टीत वितळायचं आणि त्याची गटाराची झाकणं व्हायची. मामाचं काम भट्टीत भंगार टाकण्याचं. एके दिवशी फावड्यावर त्याला तीन घोडे दिसले. पाय उचललेले, माना वर, मागं लाल बंबगाडी जुंपलेली, आणि गाडीवर टोपी घातलेला एवढासा गाडीवान. कुठल्या तरी जुन्या बंगल्याच्या अडगळीतून निघून, कुठल्या तरी साहेबाच्या पोराचं ते खेळणं थेट भट्टीच्या तोंडाशी आलं होतं. मामाचं फावडं हवेतच थांबलं.

मुकादम ओरडला, "काय रे, ध्यान कुठं हाय तुजं?"

"मुकादम, ही मी घरी नेतो."

"नेतो म्हंजे? मालकाला बीड वजनानं येतं. कमी भरलं तर मी काय सांगू, घोडे पळाले?"

"वजनाला वजन देतो," मामा म्हणाला.

या तीन शब्दांनी आमच्या घराण्यातल्या लोखंडाची पुढची पंधरा-सोळा वर्षं वाट लावली. कारण मामानं दिलेला शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी त्यानं मामीचा बिडाचा तवा धोतराच्या फडक्यात गुंडाळला, सायकलला बांधला आणि भट्टीत टाकला. संध्याकाळी तो घोडे घेऊन घरी आला, तेव्हा मामी चुलीपुढं पीठ मळून तवा शोधत बसली होती.

"आता भाकर कशावर भाजू? ह्या घोड्यांवर?" मामीनं विचारलं.

मामानं खरोखर विचार करून उत्तर दिलं, "घोड्यांवर नको गो. तापले का रंग जायाचा."

त्यानंतर वर्षातून एखाद-दुसरी गाडी भंगारात यायची आणि घरातलं काही ना काही जायचं. ट्रक आला तेव्हा विहिरीवरची कप्पी गेली, आणि मामी महिनाभर हातानं दोर ओढत होती. दर घागरीला ती त्या ट्रकच्या ड्रायव्हरला शिव्या द्यायची. ट्रकला ड्रायव्हर नव्हता, पण शिव्या मात्र नेमक्या पोचायच्या. रोडरोलर आला तेव्हा चुलत आजोबांच्या बंद पडलेल्या दुकानातली वजनं गेली. मामाची नजर इतकी तयार झाली होती की तो कोणाच्याही घरी गेला तर आधी पाणी मागायचा आणि पाणी येईपर्यंत घरातलं बीड हेरायचा. सापगावला मामा येणार असं कळलं की माझी आई खलबत्ता कणगीत तांदळाखाली लपवायची. सख्खा भाऊ दारात आला की बहिणीनं खलबत्ता लपवायचा, असं दुसरं घर मी पाहिलं नाही. मामालाही ते ठाऊक होतं. जेवता जेवता तो म्हणायचा, "बाय, चटणी जाडी झाली. खलबत्ता मोडला का?" आई म्हणायची, "मोडला नाय, गावाला गेलाय."

गाड्या घरात ठेवायच्या नाहीत, हा मामीचा कायदा होता. "भंगार गोठ्यात, मानसं घरात," एवढंच तिचं म्हणणं. म्हणून मामानं गोठ्यावरच्या माळ्यावर फळी टाकून त्यावर आपला रस्ता केला होता. त्या रस्त्याला नियम होते. सगळ्या गाड्या डाव्या बाजूनं उभ्या राहायच्या. बंबगाडीच्या पुढं कोणी उभं राहायचं नाही, कारण आग लागली तर तिनं निघायचं कसं? पोलिसाची फटफटी कोपऱ्यावर, वळणाशी. एकदा मी नकळत ट्रॅक्टर बंबगाडीच्या पुढं ठेवला. मामानं तो उचलून मागं नेला आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू एखादं गाव माझ्यामुळं जळालं असतं. दसऱ्याला प्रत्येक गाडीला झेंडूचं एक-एक फूल मिळायचं. मामी खालून म्हणायची, "ज्या सायकलवर जाता तिला हार नाय, आन् जे हालत नाय त्याला फूल!"

एकदा मामा डबलडेकर पिशवीत घालून आईला दाखवायला एसटीनं सापगावला येत होता. पिशवी मांडीवर, आणि तिच्या वजनानं मामा जरासा पुढं वाकलेला. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय पिशवीत? सामानाचं तिकीट लागंल."

मामा खोटं बोलायचा नाही. तो म्हणाला, "डबलडेकर हाय."

सगळी एसटी हसायला लागली. कंडक्टर म्हणाला, "मंग आमच्या गाडीतून कशाला जाता? त्यात बसून जावा की!" मामानं ती भंगारातून आल्याचंही सांगून टाकलं, आणि त्या दिवसापासून त्या रस्त्यावर त्याचं नाव पडलं, भंगारमामा. पोरं हाक मारायची, बाया कुजबुजायच्या, कारखान्यातले लोक तर समोरच म्हणायचे. मामा 'ओ' द्यायचा. पण एकदा माळ्यावर बसलो असताना तो मला म्हणाला, "पोरी, भंगार ते, जे कोनाला नको असतं. ह्या तर मला पायजेत. मंग ह्या भंगार कशा?"

मामाचा सगळ्यात कडक नियम रंगाचा होता. ओलं फडकं लावायचं नाही, तेल लावायचं नाही, धूळ काढायची ती फुंकरीनं. गाड्यांचा रंग जागोजाग उडालेला होता. घोड्यांच्या पाठीवर, बसच्या टपावर, ट्रकच्या नाकावर आतलं काळं बीड दिसायचं. मी एकदा म्हटलं, "मामा, रंगवून टाक की. नवीन दिसतील." मामानं बंबगाडी माझ्या हातात दिली. "धर. जशी चालवशील तशी धर." मी धरली. माझी बोटं घोड्यांच्या पाठीवर बरोबर तिथंच पडली, जिथं रंग उडाला होता. "बघ," मामा म्हणाला. "कुना पोराच्या हातानं गेलाय तो रंग. ते पोर आता म्हातारं होऊन मेलं बी असंल. पन त्याचा हात हाय अजून हितं. ह्याच्यावर मी रंग मारू?"

माझ्या शिक्षणाचा उपयोग तो गाड्यांच्या पोटावरची इंग्रजी अक्षरं वाचायला करायचा. बहुतेक वेळा तिथं एखादा आकडा असायचा, नाहीतर झिजून गेलेली दोन-तीन अक्षरं. मी तो आकडा वाचून दाखवला की मामा हिरमुसायचा. "एवढी कालेजात जातेस, आन् नुसता आकडाच वाचतेस?"

पदवी घेऊन मी ठाण्यात एका कचेरीत लागले. तिथं एक दिवस पेपरात वाचलं की मुंबईत जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन भरणार आहे. खाली फोन नंबर होता. मी फोन लावला. पलीकडे एक वयस्क गृहस्थ होते, आयुष्यभर खेळणी जमवणारे. सिद्धगडाच्या वाटेवर बिडाच्या गाड्या आहेत हे ऐकून त्यांनी मला एकेका गाडीचं वर्णन करायला लावलं. मग म्हणाले, दिवाळीत मी स्वतः येतो. मूळ रंगातल्या असतील तर सगळ्या प्रदर्शनात मांडू, आणि प्रत्येक गाडीपुढं पाटी लावू, अमुक यांच्या संग्रहातून.

मी हे मामाला सांगितलं. त्यानं मला तो शब्द परत परत म्हणायला लावला.

"संग्रहातून? भंगारातून नाय ना?"

"संग्रहातून, मामा. तुझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट."

आपलं पूर्ण नाव मामानं रेशनकार्डाशिवाय कुठं लिहिलेलं पाहिलं नव्हतं. त्यानं नवा सदरा शिवला. मुकादमाला सांगितलं, कंडक्टरला सांगितलं, वाण्याला सांगितलं. ज्यांनी ज्यांनी त्याला भंगारमामा म्हटलं होतं, त्या प्रत्येकाला तो थांबवून थांबवून सांगत होता. मामीलाही सांगितलं. मामी म्हणाली, "पाटीवर नाव लागलं का मंग जेवायला बी त्या पाटीकडंच जा." पण ती हसत होती, हे मी पाहिलं.

प्रदर्शनवाले साहेब येणार ते भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. ठरलं असं की मामानं भाऊबीजेला आमच्याकडे सापगावला यायचं, मुक्काम करायचा, सकाळी साहेबांना शहापूरला गाठायचं आणि त्यांच्याच मोटारीतून गावी न्यायचं. त्याप्रमाणे मामा आला. आईनं ओवाळलं. त्यानं पिशवीतून तीन घोड्यांची बंबगाडी काढून पाटावर आपल्या शेजारी ठेवली, म्हणून आईनं तिलाही ओवाळलं. त्या दिवशी खलबत्ता उघड्यावर होता.

सकाळी मोटारीत बसल्यावर मामानं ती बंबगाडी साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ड्रायव्हरला मोटार बाजूला घ्यायला सांगितली. खिशातून भिंग काढलं, घोडे पाहिले, चाकं पाहिली, गाडी उलटी करून पोट पाहिलं. "रंग मूळचा आहे," ते म्हणाले. "कोणी त्याला हातच लावलेला नाही. बाकीच्याही अशाच आहेत?"

"अशाच. ओला फडका लागू दिला नाय," मामा म्हणाला. तिथून गावापर्यंत तो असा ताठ बसला होता की पाठीला सीट लागत नव्हती.

मोटार गावाबाहेरच्या पिंपळापाशी थांबवावी लागली, पुढं वाट अरुंद. साहेब आपली बॅग काढेपर्यंत मामा आणि मी पुढं झालो. घर दिसायच्या आधी वास आला. ऑइलपेंटचा.

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला बैलांची शिंगं रंगवतात. बैल सजवतात, ओवाळतात, संध्याकाळी पेटलेल्या पेंढ्यावरून उडवतात. त्या रंगाचे डबे पाडव्यानंतर गोठ्यात, माळ्याच्या शिडीखालीच पडलेले असतात. मामीनं काल दुपारभर ते सगळे संपवले होते. ओटीवर नवी सतरंजी अंथरलेली, आणि तिच्यावर सगळ्या गाड्या ओळीनं उभ्या. डबलडेकर भडक लाल, तिची चाकं हिरवीगार. ट्रक पिवळा. रोडरोलर निळा. फटफटीवरच्या पोलिसाला तर मामीनं काडीनं मिशाही काढल्या होत्या. प्रत्येक गाडीच्या नाकाला हळदकुंकू. आणि मामी नवं लुगडं नेसून दारात उभी, बांगड्यांवर हिरवे थेंब.

"पाव्हनं येनार," ती म्हणाली, "मंग अशी कळकट कशी दावायची? बैलांना रंगवतो आपून, ह्यांनी काय घोडं मारलंय?" मग थोडं थांबून, "ओळीनं लावल्यात. डावीकडून. बंब पुढं असतो ना, त्याची जागा ठेवलीय."

मी मामाकडं बघितलंच नाही. बघवलं नसतं. इतक्या वर्षांत मामीनं त्या गाड्यांना पहिल्यांदा हात लावला होता, आणि तोही कसा, तर घरच्या जनावरांना लावते तसा.

तेवढ्यात साहेब आले. ओटीपुढं उभे राहिले. भिंग हातातच राहिलं. त्यांनी बस उचलली, अंगठ्याला लाल रंग लागला, खाली ठेवली. मोठ्यानं बोलणारे ते नव्हते, पण आवाज फाटला त्यांचा. "हे कोणी केलं?"

मामीनं बोलायला तोंड उघडलं.

"मीच केलं, साहेब," मामा म्हणाला. "म्हटलं, तुमी येनार, बरं दिसंल."

"अहो, पण आत्ता मोटारीत तुम्हीच म्हणालात..."

"म्हटलं खरं. मंग मलाच ऱ्हावलं नाय." मामा, जो कंडक्टरपुढंही खोटं बोलला नव्हता, तो साहेबांच्या डोळ्यांत बघून सांगत होता. मामी त्याच्याकडं बघत राहिली. तो तिला म्हणाला, "अगो, तू च्या ठेव. साहेब लांबून आल्यात."

साहेब भले होते. चहा प्यायले. एवढंच म्हणाले, की आता या प्रदर्शनात मांडता येणार नाहीत, मूळ रंग हाच त्यांचा जीव होता. मामी चुलीपाशी हे ऐकत होती. मग साहेबांनी बंबगाडीकडं बोट दाखवलं. "ही एक वाचली. हिला पहिल्या कपाटात ठेवतो. तुमचं नाव मोठ्या अक्षरांत."

पाटी तिथंच होती, हात पुढं केला की मिळाली असती. मामानं बंबगाडी सदऱ्याच्या टोकानं पुसल्यासारखी केली आणि मान हलवली. "एकटीला नको, साहेब. बाकीच्यांना काय वाटंल?" साहेबांना वाटलं तो गाड्यांबद्दल बोलतोय, पण त्याची नजर चुलीकडं होती.

त्यांना पिंपळापर्यंत सोडून आम्ही परत आलो तेव्हा मामी ओटीवरच बसली होती, गाड्यांकडे पाठ करून. मामा तिच्याशेजारी बसला. बंबगाडी तिच्यापुढं धरली.

"हिला राह्यला गो रंग लावायचा. डब्यात उरलाय का?"

मामीनं घोड्यांकडं पाहिलं. मग बोट पुढं करून त्यांच्या पाठीवर, जिथं रंग उडाला होता तिथं, हलकेच टेकवलं.

"नको," ती म्हणाली. "हिला हाय तशीच ऱ्हाऊ द्या."

एवढंच. पण पुढच्या वेळी मी गेले तेव्हा मामीच्या स्टीलच्या डब्यांचं फडताळ, ज्याला ती आम्हाला बोट लावू द्यायची नाही, ते रिकामं झालं होतं. डबे खाली जमिनीवर आले होते आणि फडताळात गाड्या होत्या. डाव्या बाजूनं. लाल, हिरव्या, पिवळ्या, आणि सगळ्यांच्या पुढं ती एक जुनी बंबगाडी, वाट मोकळी.

आता तो कारखाना बंद झालाय. मामाला कमी दिसतं, पण गाडी हातात दिली की नुसत्या वजनावरून कोणती ते सांगतो, आणि तिच्या बदल्यात घरातलं काय गेलं होतं तेही. मामी ऐकून म्हणते, "माजा तवा तेवढा लक्षात ठेवा." गल्लीतली पोरं दुपारी येतात, मामी त्यांना गाड्या काढून देते, आणि ओटीवर वाहतूक सुरू होते. त्यांच्यासाठी तो अजून भंगारमामाच आहे. पाटी कुठं लागली नाही, आणि तो आता विचारतही नाही. परवा मी डबलडेकर हातात घेतली, तर मामीनं दिलेला लाल रंग टपावरून उडायला लागलेला दिसला. बोटं पडतात बरोबर तिथंच. मी मामाचा हात धरून तिथं टेकवला. त्यानं चाचपून पाहिलं आणि बराच वेळ हात काढला नाही.

मामानं भट्टीच्या तोंडातून काढलेली एकही गाडी पुन्हा भट्टीत गेली नाही. सगळ्या घरात आहेत.